वजनकाट्याचा प्रोग्राम बंद करताना अडकतो, या तक्रारीस उत्तर

नमस्कार.

आपण दोन तारे देऊन लिहिले आहे की, रात्री इंडिकेटरची (काट्याचे वजन दाखवणाऱ्या यंत्राची) वीज काढल्यावर आमच्या वजनकाट्याच्या प्रोग्राममधले ‘बंद करा’ बटण दाबले तर स्क्रीन गोठते, टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारावा लागतो, आणि एकदा त्या गडबडीत पावतीचा एक क्रमांकच गहाळ झाला. ‘वाचणारा थ्रेड (प्रोग्राममधला वजन वाचणारा, स्वतंत्रपणे चालणारा भाग) सरळ मारून का टाकत नाही?’ असेही आपण विचारले आहे. तक्रार खरी आहे आणि चूक आमची आहे. हिशेब लावताना त्या एका क्रमांकापायी आपल्याला जो मनस्ताप झाला, त्याबद्दल मी क्षमा मागतो.

इंडिकेटर नेटवर्कवरून सेकंदाला अनेकदा वजन पाठवते आणि आमचा जावा भाषेतला एक थ्रेड सॉकेटवर (नेटवर्क जोडणीच्या आपल्याकडच्या टोकावर) पुढच्या ओळीची वाट पाहत बसलेला असतो. प्रोग्राम बंद करताना आम्ही त्याला इंटरप्ट करत होतो, म्हणजे थांबण्याचा इशारा देत होतो, व तो संपेपर्यंत थांबत होतो. परंतु सॉकेटच्या साध्या रीडमध्ये (वाचण्याच्या क्रियेत) अडकलेला नेहमीचा थ्रेड इंटरप्टने जागा होत नाही. त्याच्यावर फक्त खूण लागते, आणि ती खूण पुढची ओळ हाती आल्यावरच तपासली जाते. इंडिकेटर चालू असेपर्यंत ओळ लगेच येते, म्हणून सारे सुरळीत वाटते. वीज गेली की ओळ येत नाही, आणि आपल्या बाजूने काहीच पाठवले जात नसल्यामुळे पलीकडचे यंत्र गेल्याचे टीसीपीलाही (नेटवर्कवरची जोडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेलाही) कळत नाही. आमच्याकडचे चाचणीचे इंडिकेटर कायम चालू असते, त्यामुळे हा दोष आमच्या नजरेतून सुटला. तो सुटायला नको होता.

थ्रेड मारण्याचा मार्ग मात्र आम्ही घेणार नाही. जावातली ‘स्टॉप’ ही थ्रेड मारण्याची सोय वापरू नये, असे १९९८ च्या १.२ आवृत्तीतच सांगितले गेले आणि २०२३ च्या २० व्या आवृत्तीपासून ती चालतच नाही. कारण असे की, मारलेला थ्रेड हातातली सगळी कुलुपे (माहिती बदलत असताना इतरांना अडवून धरणारी) जिथल्या तिथे सोडतो आणि त्याने अर्धवट बदललेली माहिती इतरांना तशीच दिसू लागते. पावतीचा क्रमांक पुढे सरकला आहे पण वजन लिहिले गेलेले नाही, अशी नोंद तयार होणे म्हणजे आपलीच तक्रार पुन्हा ओढवून घेणे होय.

आम्ही प्रथम रीडला दोन सेकंदांची मुदत घालून पाहिली. त्यात याहून वाईट गोष्ट आढळली. ०१८४६० या वजनातले ०१८ वाचून झाले आणि नेमकी तेव्हा मुदत संपली, तर आम्ही वापरत असलेली ओळ वाचण्याची तयार सोय ते आकडे टाकून देते, आणि पुढच्या वेळी उरलेले ४६० हेच वजन म्हणून पुढे येते. भरलेली गाडी ४६० किलोची! प्रोग्राम अडकलेला निदान दिसतो. हे कोणाच्या लक्षातही आले नसते.

आता बंद करताना आधी ‘थांबायचे आहे’ अशी खूण केली जाते आणि मग दुसऱ्या थ्रेडमधून सॉकेट बंद केले जाते, त्यासरशी अडकलेले रीड अपवाद (चूक झाल्याची सूचना) देऊन लगेच सुटते. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण अपवाद आल्यावर वाचणारा थ्रेड ती खूण पाहूनच ठरवतो की आपल्याला मुद्दाम थांबवले आहे की लाइन तुटली आहे; खूण नंतर केली तर तो लाइन तुटली असे समजून पुन्हा जोडणी करू लागेल. शिवाय हा थ्रेड आता पावतीला हातच लावत नाही, पूर्ण आलेली ओळ तेवढी रांगेत ठेवतो.

आपण स्वतः लिनक्सवर सी भाषेत काम करता असे लिहिले आहे, म्हणून एक सांगतो: तिथे सॉकेट बंद करणाऱ्या नुसत्या ‘क्लोज’वर विसंबू नका. अडकलेले रीड त्याने सुटेलच असे नाही, आणि सॉकेटला लिनक्सने दिलेला क्रमांक मोकळा होऊन दुसऱ्या फाइलला मिळू शकतो. आधी ‘शटडाउन’ करावे, म्हणजे जोडणीवरची देवाणघेवाण थांबवावी, थ्रेड संपू द्यावा आणि मगच क्लोज करावे.

फोनला उत्तर उशिरा मिळाले, तीही आमचीच कसूर. नवी आवृत्ती चालू इंडिकेटरची केबल उपटून आणि वीज काढून तपासली आहे. काटा मोकळा असेल ती वेळ कळवावी; आमचा माणूस येऊन ती विनामूल्य बसवेल आणि गहाळ क्रमांकाची नोंद आपल्यासमोर दुरुस्त करून देईल.