नुसता प्रॉम्प्ट लिहून डिझायनर होतो का?

लातूर घ्या, परभणी घ्या, डिझाइनच्या क्लासात आता म्हणे चित्र काढायचंच नाही, एआयला नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे लेखी सूचना, लिहायचा! मग पोरगं १० फुटी फ्लेक्ससाठी १०२४ पिक्सेलचं चित्र घेऊन छापखान्यात येतं. इंचाला जेमतेम साडेआठ पिक्सेल! जवळून नुसते चौकोन दिसणार. पत्रिकेची फाइल आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत, अन् छपाई सीएमवायकेत, म्हणजे शाईच्या चार रंगांत; झगझगीत निळा कागदावर जांभळट पडतो. कडेला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा भाग, नाही, म्हणजे कटिंगला पांढरी रेघ ठरलेली. अन् मजकूर चित्रातच चिकटलेला! ‘श्रद्धांजली’तला ‘द्ध’ फुटला, तर दुरुस्त कसा करायचा? हे कोण शिकवणार? फी तर पूर्ण घेता ना? आधी बोरूनं अक्षरं, मग संगणकावर रेषा काढायचं पेन टूल, मग खुशाल एआय. हा क्रम उलटा करायची एवढी घाई कुणाला झालीय?