जमीन आजोबांच्याच नावावर राहू द्या

घरातलं माणूस गेलं की सातबाऱ्याचा विषय चुकूनही काढू नका, लोक काय म्हणतील! महसूल कायद्याच्या कलम १४९ मध्ये तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा असं लिहिलंय, लिहू देत. आपल्याकडे तीन महिने म्हणजे साधारण तीस वर्षं.

मृत्युपत्र? छे, ते केलं की माणूस लगेच जातो.

फ्लॅटला नॉमिनी लावलाय ना, मग झाला तो मालक. नॉमिनी नुसता सांभाळणारा असतो म्हणे, कोर्टाला काय कळतंय.

बहिणी बाराव्याला आल्याच आहेत तर स्टॅम्पपेपरवर हक्कसोड लिहून घ्या, वर एक साडी. ते रजिस्टर करायचं नसतं, नाहीतर कायदेशीर होईल ना! २००५ ला मुलींना मुलाइतकाच हक्क दिला, ते पेपरात वाचायला बरं वाटतं.

आणि मुख्य म्हणजे सातबाऱ्यावरून आजोबांचं नाव काढू नका. आमच्याकडे नाही काढलं. आजोबा गेले १९८७ ला, वडील "करू की" म्हणता म्हणता मागच्या वर्षी गेले, आता मी वारस नोंदीला गेलो तर तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी, पाटी नवी, खुर्ची रिकामीच) चौथ्या खेपेला भेटले आणि म्हणाले आधी आजोबांचे सगळे वारस आणा. सात मुलंबाळं, त्यातली पाच गेलेली, त्यांची पोरं धरून एकवीस जण, एक चुलतभाऊ कुठेय कुणालाच माहीत नाही, थोरल्या आत्याचा मृत्यूचा दाखला कुणी काढलाच नाही, एका काकांचं नाव आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरंच. प्रतिज्ञापत्र, वंशावळ, झेरॉक्स, उद्या या. कशीबशी फेरफाराची (म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची) नोटीस निघाली तर पंधराव्या दिवशी धाकट्या काकूंची हरकत, का तर "मला कुणी विचारलं नाही". झाली नोंद तक्रारी, म्हणजे वादात अडकली!

तलाठ्याला शिव्या देऊन झाल्या, आता तुम्हाला देतो. अरे सातबारा ऑनलाइन दिसतो, बघा त्यावर किती मेलेली माणसं आहेत. मालकी फेरफाराने मिळत नाही हे खरंय, ती वारसाहक्काने माणूस गेला त्याच क्षणी येते, पण नोंद नसेल तर पीककर्जाला कोण उभं करतंय तुम्हाला? वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या टाकता येतो. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर होतं, स्टॅम्पसुद्धा लागत नाही. तेवढंही होत नाही तुमच्याच्याने, आणि पोरं पुढे वीस वर्षं तारखांना जाणार. लाज वाटू द्या जरा.

काकू अजून फोन उचलत नाहीयेत.