छाटणी आणि सांत्वन

थंडी सरत आली की मी बागेत छाटणी करतो आणि त्यानंतर काही आठवडे लोकांना तोंड दाखवायचं टाळतो. झाडांची काळजी नसते, ती आपलं बघून घेतात. प्रश्न माणसांचा असतो. गुडघाभर उरलेला गुलाब पाहून येणारे-जाणारे फाटकाशी थांबतात आणि अतिदक्षता विभागाबाहेर उभं राहिल्यासारखा आवाज खाली आणतात.

"अहो, चांगला होता की हो! कशाने गेला?"

"गेला नाही. मी छाटला."

"तुम्ही?"

या 'तुम्ही'चा सूर मी लिहून दाखवू शकत नाही.

खरं तर शास्त्र माझ्या बाजूने आहे. आधी वाळलेल्या फांद्या काढायच्या, मग रोगट, मग एकमेकींना घासणाऱ्या. उरलेल्या फांदीवर बाहेरच्या अंगाला तोंड केलेला डोळा, म्हणजे नवी फूट जिथून येते तो बारीक फुगवटा, शोधायचा आणि त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्यायचा. उतार डोळ्याच्या उलट बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. आतल्या बाजूचा डोळा ठेवला तर नवी फांदी आतच घुसते, झाडाच्या पोटात गर्दी होते, वारा खेळत नाही आणि बुरशीला आमंत्रण जातं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात गुलाबाने शर्टाची बाही पकडलेली असते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला असतो, डोळा मोहरीएवढा असतो आणि कुंपणापलीकडून शेजारचे काका म्हणतात, "अजून जरा खाली घ्या." खाली घेतलं की म्हणतात, "फारच खाली गेलात."

वेळेबद्दलही काकांचं मत ठरलेलं आहे: मी निवडलेली सोडून कुठलीही. त्यात थोडं तथ्य आहे, हे त्यांना कळू देत नाही. घाई केली तर कोवळी फूट उशिराच्या कडाक्यात करपते. रेंगाळलं तर झाडाने फुटव्यांवर केलेला खर्च आपण कात्रीने वाया घालवतो. त्यातून, जी झुडपं वसंताच्या तोंडावर मागच्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतात, त्यांना आत्ता हात लावायचा नसतो. आत्ता छाटली तर कळ्याच जातात. त्यांची पाळी फुलं ओसरल्यावर. त्यामुळे अर्धी बाग बोडकी आणि अर्धी झिपरी दिसते, आणि "यांना का सोडलं?" या प्रश्नावर मी पक्षपाती ठरतो.

झाड जिवंत आहे हे पटवायचा एक खात्रीचा उपाय आहे. फांदीची साल नखाने किंचित खरवडायची. खाली ओला पोपटी रंग दिसला तर जीव आहे. तपकिरी, कोरडं लागलं तर ती फांदी गेली. हे मी एका हळहळणाऱ्या गृहस्थांना करून दाखवलं. त्यांनी लगेच दुसऱ्या फांदीवर स्वतः करून पाहिलं. त्यांनी आणखी कुणाला सांगितलं. आता गुलाबाच्या अंगावर छाटणीपेक्षा चौकशीच्याच जखमा जास्त आहेत.

बाकीची कामं त्या मानाने बिनबोभाट होतात. एका झाडाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून कात्री स्पिरिटने पुसणं, कुंड्या घासणं, जुनं बी ओल्या कागदात गुंडाळून किती रुजतं ते पाहणं. माती मुठीत दाबून बघायची. गोळा बोटाने टोचल्यावर भुगा झाला तर खुरपं चालवायला हरकत नाही, चिखलासारखा राहिला तर खुरपं ठेवून द्यायचं. मला हा नियम मनापासून आवडतो. काम न करण्याला इतकं भक्कम कारण दुसरीकडे मिळत नाही.

पालापाचोळ्याचं मात्र युद्ध चालू आहे. तो दोन-तीन इंच जाड पसरायचा आणि बुंध्यापासून लांब ठेवायचा, नाहीतर बुंधा ओला राहून कुजतो. काका मात्र येता-जाता तो मायेने बुंध्याशी सारतात. "उघडं पडलंय हो बिचारं." ते गेले की मी मागे ओढतो. सकाळी पुन्हा बिचाऱ्याला पांघरूण घातलेलं असतं.

परवा काकांनी फाटकातूनच हाक मारली. आवाजात आनंद मावत नव्हता. "या, या लवकर! म्हटलं नव्हतं, जीव आहे अजून?"

धावत गेलो. गुलाब होता तसाच होता. त्याच्या शेजारी, मी पसरलेला पालापाचोळा फोडून, लव्हाळ्याची हिरवीगार टोकदार पाती वर आली होती. जमिनीखाली गाठींची साखळी ठेवून बसलेला, वरून उपटला की खालच्या गाठीतून पुन्हा उगवणारा, साऱ्या बागेत माझा एकमेव वैरी.

"तुमच्या हाताला गुण आहे," काका म्हणाले आणि त्याला पाणी घातलं.