‘आकड्यांच्या आड लपणे’ या आरोपाविषयी

महोदय,

लहान विद्यापीठ-शहरांतील हिंसक गुन्ह्यांवरच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचली ती शांत होण्यासाठी, आणि ते फारसे साधले नाही. एका वर्षी २ आणि पुढल्या वर्षी ५ खून झाले, एवढ्यावरून शहर बिघडले असे ठरवू नये, असे मी लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे थोडक्यात असे: नोंदलेले गुन्हे म्हणजे घडलेले गुन्हे नव्हेत, लैंगिक अत्याचार आणि वसतिगृहांतील मारहाण यांची फिर्याद बहुधा होतच नाही, विद्यापीठाचे आणि पोलिसांचे आकडे जुळत नाहीत, माझ्या तक्त्यात चूक आहे, आणि शेवटी, ‘आकड्यांच्या आड लपणे सोपे असते, रात्री अकरानंतर तिथे चालून दाखवा.’

तक्त्यातील चूक मान्य. ‘दर लाखामागे’ हवे होते तेथे ‘दर हजारामागे’ पडले होते. दुरुस्ती केली आहे आणि त्याबद्दल आपले आभारही मानतो.

आता ‘लपणे’ या शब्दाकडे येतो. ज्या लेखात प्रत्येक भागाकार वाचकासमोर करून दाखवला आहे, त्याच्या लेखकाला लपलेला म्हणणे ही कोणती रीत झाली? आपण स्वतः प्रतिक्रियेखाली नावाच्या जागी दोन आद्याक्षरे ठेवली आहेत, याची मी फक्त नोंद घेतो.

लाखभर वस्तीच्या शहरात २ खुनांचे ५ झाले की वाढ १५० टक्के होते, आणि हा आकडा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आणतो. परंतु ज्या शहरात वर्षाला सरासरी ३ खून होतात, तेथे परिस्थितीत तिळमात्र फरक न पडताही, निव्वळ योगायोगाने, ५ किंवा त्याहून अधिक खुनांचे वर्ष साधारण पाच-सहा वर्षांतून एकदा येतेच. एकाच घरात एकाच रात्री तिघे मारले गेले तरी वर्षाच्या हिशेबात ते ३ खून असतात. पुढल्या वर्षी पुन्हा २ झाले, की १५० टक्के वाढ सांगणारी हीच मंडळी ६० टक्के घट झाल्याचे सांगतात आणि कोणीतरी अधिकारी तिचे श्रेय घेतो. (त्या वेळी अशा प्रतिक्रिया येत नाहीत, हा माझा अनुभव आहे.)

भाजकाची, म्हणजे दर काढताना गुन्ह्यांना ज्या लोकसंख्येने भागतो तिची, गोष्ट याहून नाजूक आहे. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये जनगणना विद्यार्थ्याला तो शिकतो त्या गावात मोजते. पण १ एप्रिल २०२०च्या अमेरिकी जनगणनेच्या वेळी महासाथीमुळे वसतिगृहे ओस पडली होती, आणि नियम तोच असूनही अनेक विद्यापीठ-शहरांनी आपली मोजणी कमी झाल्याची तक्रार केली. लोकसंख्या कमी धरली गेली की एकही गुन्हा न वाढता दर वाढतो. शिवाय हिंसा करणाऱ्यांत आणि सोसणाऱ्यांत विशीच्या आसपासचे लोक बहुतेक ठिकाणी अधिक असतात. ज्या शहराची मोठी वस्तीच त्या वयाची आहे, त्याची तुलना निवृत्तांच्या शहराशी करून काय हाती लागणार? आणि व्याख्या बदलली की कलही बदललेला दिसतो: अमेरिकेच्या एफबीआयने २०१३पासून बलात्काराची विस्तृत व्याख्या वापरायला घेतली, आणि त्या वर्षी आलेख वर गेला.

विद्यापीठाचे आकडे पोलिसांशी जुळत नाहीत, म्हणून कोणीतरी खोटे बोलत असावे असे आपण सुचवता. अमेरिकेतील १९९०च्या क्लेरी कायद्यानुसार विद्यापीठांना दरवर्षी गुन्ह्यांचा अहवाल द्यावा लागतो. त्यात आवार आणि त्याला लागून असलेले रस्ते येतात, पण दोन गल्ल्या पलीकडची भाड्याची खासगी खोली येत नाही. ते जुळणार कसे?

राहिले ‘चालून दाखवा’. मी नऊ वर्षे अशाच एका शहरात गुन्हेवार्ता लिहिल्या. पहिल्याच वर्षी एका खुनाचे दोन झाले, तेव्हा ‘शहरात खुनांचे प्रमाण दुप्पट’ हा मथळा मीच दिला होता. दोन्ही प्रकरणांत मारणारा आणि मरणारा एकमेकांना चांगले ओळखत होते. तरीही त्याच आठवड्यात मुलींच्या वसतिगृहाचे फाटक रात्री नऊला बंद होऊ लागले, मुलांचे झाले नाही, आणि मी ते शहर सोडले तेव्हाही ते नऊलाच बंद होत होते. आकड्यांविषयी मी इतका काटेकोर का, याचे कारण ते फाटक आहे.

आणखी एक रात्र सांगतो. रुग्णालयाच्या बाकावर एकोणीस वर्षांचा मुलगा, मनगटाला गुंडाळलेला टॉवेल भिजलेला, आणि टॉवेलच्या धाग्यांत अडकलेला बाटलीच्या काचेचा हिरवा कपचा. डॉक्टरांनी विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘जिन्यावरून पडलो.’ नोंदवहीत तेच लिहिले गेले. शेजारी उभ्या मित्राच्या शर्टावरही रक्त होते आणि तो जोरजोरात मान डोलावत होता. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. तेव्हा रात्री काय घडते, हे मला आपल्याकडून शिकायचे नाही.

हा प्रसंग आपल्याच बाजूने साक्ष देतो, असे आपण म्हणाल. द्यावी. फिर्याद न होण्याचे प्रमाण दरवर्षी तेवढेच राहिले तर कलाला धक्का लागत नाही, आणि ते बदलले असेल तर तसे दाखवण्याची जबाबदारी आपली आहे. पोलिसांकडे न गेलेले गुन्हे कळावेत म्हणूनच ब्रिटनमध्ये १९८२पासून लोकांना घरी जाऊन विचारणारी पाहणी होते. त्या पाहणीत वसतिगृहे येत नाहीत, हे आपण म्हणण्याआधी मीच सांगून टाकतो. लैंगिक अत्याचारांचा आपला मुद्दा स्वतंत्र लेखाचा आहे. येथे त्यात शिरत नाही.

‘उत्तर नाही?’ एवढ्या दोनच शब्दांची आपली दुसरी प्रतिक्रिया काल रात्री साडेअकराला आली. त्या वेळी मी बाहेर चालत होतो.