रशियन भाषा संस्कृतातून जन्मली? एका लाडक्या फॉरवर्डची झडती

घरच्या गटांपासून निवृत्तांच्या गटांपर्यंत सगळीकडे एक मजकूर फिरत असतो. रशियन भाषा संस्कृतातून जन्मली, असे तो सांगतो. पुरावे पाच. अग्नी-अगोन्य, भ्राता-ब्रात, हिम-झिमा अशी शब्दांची लांबलचक यादी. रशियात जाऊन ‘मला दुभाष्या नको, तुम्ही संस्कृतच बोलता’ म्हणणाऱ्या एका प्राध्यापकांची गोष्ट. मॉस्को म्हणजे मोक्ष आणि रशिया म्हणजे ऋषींचा देश. लाकडी फळ्यांवर लिहिलेला ‘रशियन वेद’. आणि शेवटी साक्षीला १८व्या शतकातले ब्रिटिश संस्कृत अभ्यासक सर विल्यम जोन्स. हे पाचही नीट तपासण्यासारखे आहेत, कारण त्यातला काही भाग खरा आहे आणि खरा भागच जास्त फसवतो.

‘शेकडो शब्द सारखे आहेत, म्हणजे रशियन संस्कृतातूनच आली’

यादी बहुतांशी बरोबर आहे. उलट मजकूर लिहिणाऱ्याने फार थोडे शब्द घेतले, अशीच माझी तक्रार आहे. नात्यांचे शब्द पाहा. रशियनमध्ये सुनेला ‘स्नोखा’ म्हणतात. संस्कृत स्नुषा, आपली सून. नवऱ्याचा भाऊ ‘देवेर’. संस्कृत देवर, आपला दीर. नवऱ्याची आई ‘स्वेक्रोव्य’. संस्कृत श्वश्रू, आपली सासू. विधवेला ‘व्दोवा’. लोहगावच्या आकाशात गरजणाऱ्या सुखोई विमानाला नाव मिळाले ते पावेल सुखोय या अभियंत्याच्या आडनावावरून, आणि ‘सुखोय’ म्हणजे सुका. संस्कृत शुष्कचा सख्खा नातलग. ‘सुखाशी’ त्याचा काही संबंध नाही, हे लगेच सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या फॉरवर्डमध्ये तेही येईल.

एवढे साम्य योगायोगाने येत नाही, हे मान्य. पण साम्यावरून नाते कळते. कोण कोणापासून झाले ते कळत नाही. त्यासाठी वेगळी कसोटी लागते, आणि ती मराठी माणसाला समजावून सांगायला सोपी आहे.

एक भाषा दुसरीतून निघाली की काय होते, हे आपल्याच तोंडात दिसते. हस्त, हत्थ, हात. सप्त, सत्त, सात. कर्ण, कण्ण, कान. जोडाक्षर मोडले, मागचा स्वर लांबला, आणि हे शब्दागणिक नियमाने झाले. या वाटेवर महाराष्ट्री प्राकृतात श, ष आणि स यांचा एकच स झाला. आता समजा, एखाद्या भाषेत हे तीनही वर्ण आजही प्रत्येक शब्दात जिथल्या तिथे शाबूत आहेत. ती भाषा महाराष्ट्री प्राकृतातून निघाली असे कोणी म्हणेल का? जे आईकडेच एकत्र मिसळून गेले, ते मुलीला अचूक वेगळे करता येत नाही. कुठे काय होते हे तिला कळणार कसे?

संस्कृतात नेमके असेच एक मिश्रण झालेले आहे. मूळ ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ आणि अ हे तीनही स्वर संस्कृतात ‘अ’ झाले. आता रशियन ज्या कुळातली, त्या स्लाव भाषांची रूपे पाहू. रशियनमध्ये पुढे काही ठिकाणी ‘ए’चा ‘यो’ झाला, म्हणून सर्ब-क्रोएट भाषेतली सरळ रूपे घेतो. संस्कृत नभस्, तिकडे ‘नेबो’. मधु, ‘मेद’. दश, ‘देसेत’. भरामि, ‘बेरेम’. या चारही ठिकाणी ‘ए’. आता दुसरी रांग: दम म्हणजे घर, तिकडे ‘दोम’. नव, ‘नोव’. अवि म्हणजे मेंढी, ‘ओव्त्सा’. अष्ट, ‘ओसम’. इथे सगळीकडे ‘ओ’. संस्कृतात आठही ठिकाणी तोच एक ‘अ’ आहे.

मग कोणत्या ‘अ’चा ‘ए’ करायचा आणि कोणत्याचा ‘ओ’, हे स्लावांना कोणी सांगितले? ग्रीक आणि लॅटिन पाहिले की उत्तर मिळते. ग्रीक ‘नेफोस’, ‘मेथु’. लॅटिन ‘देकेम’, ‘फेरो’: तिथेही ‘ए’. लॅटिन ‘दोमुस’, ‘नोवुस’, ‘ओविस’, ‘ओक्तो’: तिथेही ‘ओ’. रोम, ग्रीस आणि स्लाव प्रदेश, तिघांनी संस्कृत ‘अ’ घेऊन एकाच शब्दात एकच स्वर अंदाजाने बसवला, असे मानायचे असेल तर माझा इलाज नाही. हा फरक मुळातच होता. या तिन्ही शाखांनी त्याच्या खुणा जपल्या, संस्कृतने गमावल्या.

संस्कृतनेही तो गमावताना एक पुरावा मागे ठेवला आहे. ज्या ‘अ’च्या जागी पूर्वी ‘ए’ होता, त्याच्या आधीच्या ‘क’चा ‘च’ झाला. लॅटिनमधले ‘क्वे’ हे अव्यय संस्कृतात ‘च’ होते, पण ‘कतर’ मधला क तसाच राहतो, कारण तिथे मूळ ‘ओ’ होता. १८७०च्या दशकात हे बऱ्याच अभ्यासकांच्या जवळपास एकाच वेळी लक्षात आले. त्याआधी युरोपातले पंडितसुद्धा संस्कृतचा ‘अ’च मूळचा समजत. म्हणजे संस्कृतला अनादी मानण्याची चूक आपल्याआधी त्यांनी करून, तपासून, सोडूनही दिली.

दुसरा साक्षीदार ‘ल’. ‘रलयोरभेदः’, म्हणजे र आणि ल यांत भेद नाही, असे आपल्याकडे म्हणतातच; ऋग्वेदात ल फार कमी सापडतो, कारण मूळच्या ‘ल’चा बहुतेक ठिकाणी ‘र’ झाला. वृक म्हणजे लांडगा: रशियन ‘वोल्क’, लिथुआनियन ‘विल्कास’, इंग्रजी ‘वुल्फ’. पूर्ण: ‘पोल्नी’, ‘पिल्नास’, ‘फुल’. श्रवस् म्हणजे कीर्ती: ग्रीक ‘क्लेओस’, स्लाव ‘स्लोवो’, म्हणजे शब्द. युरोपातल्या या सगळ्यांकडे ‘ल’, संस्कृतात ‘र’. याच धातूच्या घराण्यातला ‘-स्लाव’ हा शेवट स्व्यातोस्लाव, मिरोस्लाव अशा नावांत येतो, आणि आपल्याकडे सुश्रवस् सारखी नावे त्याच घडणीची आहेत. नाते इतके सुंदर असताना त्यावर खोटी वंशावळ चिकटवायची गरज काय, हे मला कळत नाही.

‘प्राध्यापकांना दुभाष्या लागला नाही’

या गोष्टीबरोबर एक वाक्य हमखास येते. रशियन म्हणतो ‘तो वाश दोम, एतोत नाश दोम’, म्हणजे ते तुमचे घर, हे आमचे घर. आणि संस्कृतात म्हणे ‘तत् वस् धाम, एतत् नस् धाम’. नमुना चांगला निवडला आहे, पण धाम चुकले. धाम शब्द धा धातूचा. तो ‘दोम’चा जोडीदार नव्हे. खरा जोडीदार ‘दम’, आणि तो शोधायला फार लांब जायला नको. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात, आठव्या ऋचेत, ‘वर्धमानं स्वे दमे’ आहे: आपल्या घरात वाढणारा अग्नी. वेदांचा अभिमान सांगणाऱ्या मजकुराला वेदाच्या पहिल्या पानावरचा शब्द सापडू नये, याला काय म्हणावे? ‘वाश’ आणि ‘नाश’ राहिले. तर लॅटिनमध्येही ‘वोस’ आणि ‘नोस’ आहेत.

निवडलेले एक वाक्य जुळणे वेगळे आणि बोलणे कळणे वेगळे. त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन १५व्या शतकाच्या उत्तरार्धात चौलला उतरला, जुन्नरला पावसाळ्यात अडकला, पुढे बिदरला गेला. त्याने जुन्या रशियनमध्ये टिपणे लिहिली. जुन्नरच्या पावसाळ्याला तो ‘झिमा’ म्हणतो, म्हणजे हिवाळा, आणि चार महिने सगळीकडे पाणी नि चिखल असे लिहितो. चिखलाचे वर्णन आजही पटेल. पण परक्या मुलखातले बोलणे त्याच्या लेखणीत मधूनमधून उतरते ते तुर्की-फारसी-अरबीच्या मिश्रणात. अर्थात, बहमनी राज्यात बाजाराची आणि दरबाराची भाषा ती होती. तरी आपण भाऊबंदांच्या भाषेत आलो, असे त्याला कुठेही वाटलेले दिसत नाही.

‘मॉस्को म्हणजे मोक्ष, रशिया म्हणजे ऋषी’

यावर फार वेळ घालवत नाही. मॉस्को हे आधी नदीचे नाव, मग गावाचे; इतिवृत्तात गावाचा पहिला उल्लेख ११४७ सालचा. त्या नावाच्या मुळाबद्दल स्लाव, बाल्टिक, फिनी असे मतभेद आहेत, पण त्या यादीत मोक्ष नाही. गंमत म्हणजे रशियात खरोखरच मोक्षा नावाची नदी आहे. ती ओका नदीला मिळते, आणि तिथल्या मोक्षा लोकांची भाषा फिनिशच्या कुळातली आहे. संस्कृत तर नाहीच, ती स्लावही नाही.

‘रूस’ नावाचे सर्वांत मान्य मूळ उत्तरेकडे जाते. फिनिश भाषेत स्वीडनला आजही ‘रुओत्सी’ म्हणतात, आणि त्यामागे वल्हवण्याशी संबंधित जुना नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतला, शब्द मानतात. याला एक भक्कम आधार आहे. १०व्या शतकात बायझंटाईन सम्राट सातव्या कॉन्स्टंटाईनने नीपर नदीवरच्या धबधब्यांची नावे दोन भाषांत नोंदवली, एक ‘रूस’ आणि एक स्लाव. त्यातली रूस नावे स्पष्टपणे नॉर्स आहेत. म्हणजे तेव्हा रूस आणि स्लाव या दोन वेगळ्या बोली होत्या. ऋषी त्या नावेत बसलेले नव्हते.

‘रशियनांचा स्वतःचा वेद सापडला आहे’

हे ‘वेलेसचे पुस्तक’. लाकडी फळ्या म्हणे महायुद्धात हरवल्या. मजकूर बाहेर आला १९५०च्या दशकात, अमेरिकेतल्या रशियन स्थलांतरितांच्या नियतकालिकात. १९६० मध्ये झुकोव्स्काया या सोव्हिएत अभ्यासिकेने फळीच्या छायाचित्राची तपासणी केली आणि ती बनावट ठरवली. पुढे रशियन भाषाशास्त्रज्ञ आंद्रेय झालिझन्याक यांनी त्यातल्या व्याकरणाची चिरफाड केली. वेगवेगळ्या शतकांची आणि वेगवेगळ्या स्लाव भाषांची रूपे एकाच वाक्यात कोंबल्यावर काय होते, ते त्यांनी दाखवले. हे झालिझन्याक संस्कृतद्वेष्टे वगैरे नव्हते. १९७८च्या संस्कृत-रशियन शब्दकोशाला जोडलेला संस्कृत व्याकरणाचा आराखडा त्यांचाच.

याच दाव्याच्या पोटात अस्वल येते. ‘मेद्वेद्य’ म्हणजे ‘मध + वेद’, मध जाणणारा, असे सांगतात. रशियातही ही लोकव्युत्पत्ती आवडीने सांगितली जाते. पण त्यातला दुसरा भाग ‘खाणे’ या अर्थाचा आहे, संस्कृत अद्. मधु + अद्, मध खाणारा. ऋग्वेदात पहिल्या मंडलाच्या १६४व्या सूक्तात ‘मध्वदः सुपर्णाः’ म्हणजे मधुर खाणारे पक्षी आहेत. घडण अगदी तीच. अस्वलाचा जुना शब्द संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’. स्लावांनी तो टाकून दिला, बहुधा नाव घेतले तर प्राणी समोर येईल या भीतीने. आपण रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणतो, तसेच.

‘खुद्द विल्यम जोन्सनेच मान्य केले’

२ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या भाषणात जोन्स यांनी संस्कृतची मुक्तकंठाने स्तुती केली; ग्रीकपेक्षा परिपूर्ण, लॅटिनपेक्षा समृद्ध. मजकुरात वाक्य इथे तोडतात. त्याच वाक्यात पुढे ते म्हणतात की, या तिन्ही भाषा एखाद्या समान उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नाही. शिवाय त्या परिच्छेदात गॉथिक, केल्टिक आणि जुनी फारसी यांचा उल्लेख आहे. स्लाव भाषांचे नावही नाही.

आता मजकूर जे विचारतच नाही ते. रशियनमध्ये बाहेरून आलेले शब्द कुठले? भरपूर आहेत. ‘ख्लेब’, म्हणजे पाव, आणि ‘क्न्याझ’, म्हणजे राजपुत्र, हे जुन्या जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या, बोलींतून आले. ‘कोरोल’, म्हणजे राजा, हे तर ८१४ साली वारलेल्या फ्रँक सम्राट शार्लमेनच्या, म्हणजे कार्लच्या, नावावरून. परक्या सम्राटाचे कार्ल हे नाव स्लावांकडे सामान्यनाम झाले. कुत्र्याला ‘सोबाका’ म्हणतात तो शब्द बहुतेक अभ्यासक काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या इराणी टोळ्यांकडून आलेला मानतात. मीड हे प्राचीन इराणी लोक कुत्र्याला ‘स्पाका’ म्हणतात, असे ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवले आहे. डॉन आणि नीपर या नद्यांची नावेही त्याच टोळ्यांची. ओसेटियन या इराणी भाषेत ‘दोन’ म्हणजे आजही पाणी. पुढे तुर्की बोलींमार्फत ‘बाझार’ आणि ‘सुंदुक’ रशियात गेले. फारसीच्या वाटेने बाजार आणि संदूक आपल्याकडे आले.

आणि भारतातून? तेही आहेत. मिरीला ‘पेरेत्स’ म्हणतात. पिप्पली, ग्रीक ‘पेपेरि’, लॅटिन ‘पिपेर’, मग स्लाव. ओळखूही येत नाही. आणि साखरेला रशियनमध्ये म्हणतात ‘साखार’. संस्कृत शर्करा, प्राकृतातली सक्खरा, तिथून एक वाट मराठीकडे वळली, दुसरी ग्रीक ‘साक्खारोन’ होत रशियाकडे. हा शब्द खरोखर इथून तिकडे गेला आहे, व्यापाऱ्यांच्या पोत्यांतून. त्या लांबलचक यादीत मी तो शोधला. माझ्याकडे आलेल्या मजकुरात तरी नव्हता.