हिरव्या आकड्यांतला ‘गॅस’ संपत नाही, कारण तो नसतोच

तुरीचा हंगाम लागला की इलेक्ट्रॉनिक वजनकाटे दुरुस्तीला येतात, अन् त्यांच्यामागं व्हॉट्सॲपवरचा तोच मेसेज: ‘डिस्प्लेचे हिरवे आकडे एका बाजूनं मंद दिसले की ट्यूबमधला गॅस संपला. फिलामेंटला (आतल्या तापणाऱ्या तारेला) दोन मिनिटं डबल व्होल्टेज द्या, नाही जमलं तर ट्यूब फेका.’

गॅसचं आधी. बाप्पा, या ट्यूबला म्हणतातच व्हॅक्यूम फ्लुओरोसंट, म्हणजे आत निर्वात! काचेला आतून गेटरचा, म्हणजे उरलीसुरली हवा शोषणाऱ्या धातूचा, चंदेरी डाग असतो. तो दुधासारखा पांढरा पडला तर हवा शिरली, ट्यूब गेली. चंदेरी असेल तर दोष दुसरीकडं शोधा.

आता ‘एका बाजूनं मंद’. मागं दारव्ह्याकडून असाच एक काटा आला. डावीकडचा आकडा लख्ख, उजवीकडं जाता जाता विझत गेलेला. उघडला तर आधीच्या कारागिरानं जळका ट्रान्सफॉर्मर काढून फिलामेंट रेझिस्टन्स टाकून सरळ बॅटरीवर जोडलेलं. फिलामेंट हीच या ट्यूबची कॅथोड: तिच्यातून निघालेले इलेक्ट्रॉन ॲनोडवर, म्हणजे आकड्याच्या दांड्यांवर, आदळले की उजेड पडतो. तिच्या एका टोकाला शून्य अन् दुसऱ्याला ३ व्होल्ट डीसी असेल, तर २५ व्होल्टचा ॲनोड एका बाजूला २५चाच, दुसऱ्या बाजूला २२चा. फरक बारा टक्क्यांचा, पण हिशेबानं उजेड पाव भागाहून जास्त उतरतो. म्हणून तिथं एसी लागतो, सेंटर टॅपचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याच्या मध्यावरून जोडलेला; मग दोन्ही टोकं आलटून पालटून सारखी होतात. ट्रान्सफॉर्मर बसवला, आकडे सारखे झाले. ट्यूब तीच.

(काट्याचं वैधमापनाचं सील असते. घरी तोडू नका, परवानावाल्याकडंच न्या.)

मंदपणा असा उतरता नसेल तर कुठं आहे ते पाहा. सगळ्या आकड्यांतली तीच एक दांडी मंद असेल तर त्या सेगमेंटच्या (दांडीच्या) लाइनचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारी चिप, किंवा सोल्डर तपासा. अख्खा एकच आकडा मंद असेल तर त्याची ग्रीड, म्हणजे त्या आकड्यासमोरची बारीक जाळी. सगळंच मंद असेल तर आधी ॲनोडचं व्होल्टेज मोजा, बहुतेक कॅपेसिटर सुकलेला निघतो.

कधी मात्र ट्यूबच दोषी असते. काटा दिवसभर ०.००० दाखवत उभा असतो. शून्यात मधली आडवी दांडी लागत नाही. मग काही वर्षांनी ८ आला की मधली दांडी कोरी करकरीत अन् बाकीच्या सहा फिक्या! तो फॉस्फर, म्हणजे दांडीवरचा उजळणारा थर, झिजला. फिलामेंट कितीही तापवा, झिजलेला फॉस्फर परत येत नाही.

अन् डबल व्होल्टेज? कॅथोड मंदावली असेल तर कधीकधी फरक पडतो, नाही म्हणत नाही. पण ती केसाएवढी तार, वर बेरियम ऑक्साइडचा थर. अंधारात ती जेमतेम लालसर दिसावी, नाहीच दिसली तर उत्तम. नारिंगी झाली की थर उडायला लागला. मी दोन ट्यूबवर करून पाहिलं. एक उजळली, आठ दिवसांत परत तशीच. दुसरीची तार तिथंच तुटली.