मावशींच्या मनगटाची भरपाई

आज सकाळी सोसायटीच्या फाटकाशी एका परिचित गृहस्थांनी मला थांबवून विचारले, "तुमच्या त्या मावशींची केस अजून चालूच आहे का? पाच हजार मिळाले होते ना त्यांना? म्हणजे आता पैसे उकळायचा नाद लागला म्हणायचा." मला कामावर पोहोचायचे होते, म्हणून मी "हो, दावा चालू आहे," एवढेच बोलून पुढे गेले. पण दिवसभर ते वाक्य मनातून जाईना, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मावशी आमच्याकडे आणि आणखी काही घरी पोळीभाजी करतात आणि एका घराहून दुसऱ्या घरी सायकलने जातात. कर्वे रस्त्यावर डाव्या कडेला एक मोटार उभी होती आणि मावशी तिच्या बाजूने सरळ चालल्या होत्या. मागच्या आसनावरच्या प्रवाशाने मागे न पाहता उजवीकडचे दार उघडले. दाराची कड हँडलला बसली आणि मावशी उजव्या हातावर, थेट वाहत्या रस्त्यात पडल्या. मागून येणाऱ्या पीएमपी बसच्या चालकाने वेळेवर ब्रेक दाबला, म्हणून आज दावा मनगटाचा आहे. नाहीतर तो त्यांच्या मुलांना करावा लागला असता. मनगटाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून प्लेट बसवावी लागली.

ज्या पाच हजारांची एवढी चर्चा आहे, ते त्याच संध्याकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात देण्यात आले, आणि त्याबरोबर "माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही" असे लिहिलेला एक कागद पुढे करण्यात आला. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि त्यांची सही सुरेख आहे. पण उजवा हात झोळीत होता, म्हणून त्या कागदावर त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला. वेदनाशामक औषधाच्या गुंगीत असलेल्या बाईचा अंगठा घेऊन प्रकरण मिटवणाऱ्यांना कोणीही काही विचारत नाही, आणि कायद्याने दिलेल्या वाटेने जाणाऱ्या बाईला मात्र नाद लागलेला असतो!

सायकलवाले उलट्या दिशेने येतात, अंधारात दिव्याशिवाय फिरतात, हे मला मान्य आहे. मावशी यातले काहीही करत नव्हत्या. शिरस्त्राण नव्हते, असेही मला ऐकवण्यात आले. मोटार वाहन कायद्यातली शिरस्त्राणाची सक्ती मोटारसायकलवाल्यांसाठी आहे, सायकलस्वारांसाठी नाही, आणि शिरस्त्राणाने मनगट वाचत नाही.

आपल्याकडे एक ठाम समजूत आहे की गाडी उभी असली की ती निर्दोष असते. विमा कंपनीच्या माणसानेही हेच सांगितले: वाहन चालू नव्हते, मग हा मोटार अपघात कसा? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच देऊन ठेवले आहे, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रातल्या प्रकरणात. 1987 साली पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा एक टँकर कलंडला. काही तासांनी, तो निपचित पडलेला असताना, त्याचा स्फोट झाला आणि जवळच्या लोकांचे बळी गेले. त्यांतल्या एका मृत मुलाच्या आईने, वत्सला मोरे यांनी, भरपाई मागितली. वाहन स्थिर असले तरी ते वापरात असू शकते, कायद्यातल्या वापराचा अर्थ व्यापक आहे, असे त्या निकालात न्यायालयाने स्पष्ट सांगितले. महामार्गाकडेला पडलेला टँकर जर वापरात होता, तर ज्या मोटारीतून माणूस उतरत होता ती वापरात नव्हती, असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

प्रवाशाने दार उघडले, चालकाचा काय दोष, असेही विचारतात. माझ्या मते गाडी कुठे उभी करायची आणि प्रवाशाला कोणत्या बाजूने उतरू द्यायचे, हे पाहणे चालकाचे काम आहे. डावीकडे पदपथ होता. तिकडून उतरायला सांगणे एवढेच त्याला करायचे होते.

तरीही त्या चालकाबद्दल माझ्या मनात राग नाही. तो दुसऱ्याची गाडी चालवणारा पगारी माणूस आहे. तो नंतर मावशींच्या घरी येऊन गेला, बराच वेळ खाली मान घालून बसला, आणि "माझ्या मालकांनी मला कामावरून काढू नये एवढे बघा," असे म्हणाला. मावशींनी त्याला चहा करून द्यायला सुनेला सांगितले. त्याच्या खिशातून एक रुपयाही जावा अशी आमची इच्छा नाही. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा केला आहे तो नेमका यासाठी, की जखमी माणसाचे नुकसान भरून निघावे आणि गरीब चालकाचे घरही बुडू नये. विमा कंपनीने हप्ता घेतलेला आहे. ज्या प्रसंगासाठी घेतला, तो प्रसंग घडला आहे. यात उकळण्यासारखे काय आहे?

पोलीस ठाण्यातही पहिला सल्ला "मिटवून घ्या" हाच मिळाला. वास्तविक अशा अपघाताचा माहिती अहवाल तयार करून तीन महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला पाठवणे, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 159 नुसार पोलिसांचेच कर्तव्य आहे. हाड मोडणे ही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापत आहे. कलम 164 खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद आहे आणि तिथे चूक कोणाची हे सिद्ध करण्याचीही अट नाही. नुकसान त्याहून मोठे असेल, तर कलम 166 खाली चूक दाखवून पूर्ण भरपाई मागता येते, आणि तो अर्ज जखमी व्यक्ती जिथे राहते तिथल्या न्यायाधिकरणातही करता येतो. मात्र या अर्जाला 1994 मध्ये काढून टाकलेली सहा महिन्यांची मुदत 2019 च्या दुरुस्तीने परत आली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. प्लास्टर, व्यायाम, उसनवारी आणि "बघू, बसून बोलू" यांत सहा महिने कसे सरतात, ते ज्याच्या घरी अपघात झाला आहे त्याला विचारा. समजुतीच्या गोष्टी करणाऱ्यांना ही मुदत चांगली ठाऊक असते. जखमी माणसाला ती बहुधा शेवटी कळते.

आणि नुकसान म्हणजे रुग्णालयाचे बिल एवढेच नव्हे. प्लास्टर निघाल्यावर मावशींनी आमच्या ओट्यावर पोळी लाटून पाहिली. लाटणे डाव्या हाताखाली फिरत होते आणि उजवीकडे नुसते टेकत होते. पोळी एका अंगाला जाड राहिली आणि तव्यावर तेवढा भाग कच्चाच दिसू लागला. त्या काही बोलल्या नाहीत, ती पोळी बाजूला ठेवून दुसरी घेतली, आणि तीही तशीच झाली. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात नेमके हेच सांगितले आहे, की अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या एक गोष्टी नाहीत. तोच हात गेला तर सुताराची जवळजवळ सगळी कमाई जाऊ शकते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर मनगटाची टक्केवारी लहान दिसेल, पण पोळ्या करणाऱ्या बाईच्या कमाईचे मोजमाप त्या आकड्याने होणार नाही.

तेव्हा कमाई सिद्ध करावी लागते आणि मावशींकडे पगाराची चिठ्ठी नाही, बँकेत जमा होणारा पगार नाही. ती कमाई कोणाला माहीत आहे? ज्यांच्या घरी त्या वर्षानुवर्षे स्वयंपाक करत आल्या, त्यांना. मी त्या घरांत जाऊन दरमहा किती देत होता एवढे एका कागदावर लिहून मागितले. एका आजींनी चष्मा लावून तेव्हाच्या तेव्हा लिहून दिले आणि खाली फोन नंबरही घातला. बाकीच्यांनी "कोर्टाचे लचांड नको," "साक्षीला बोलावले तर?" असे म्हणून टाळले. दिवाळीला साडी देणारी, मावशी म्हणजे घरच्याच आहेत असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणारी ही घरे आहेत. एवढा राग मला त्या दार उघडणाऱ्या प्रवाशाचाही आलेला नाही. साक्षीला बोलावलेच, तर खरे तेच सांगायचे आहे, आणि त्यात अर्धा दिवस जाईल. मावशींची कामे कितीतरी महिने गेली आहेत.

यांतले बहुतेक जण माझ्या मित्रयादीत आहेत आणि हे वाचतील. मजकूर फार नको आहे: मावशी आपल्याकडे कधीपासून कामाला होत्या, दरमहा किती रक्कम देत होता आणि अपघातानंतर काम कधी थांबले, एवढेच लिहून खाली नाव, पत्ता आणि सही करावी. वकिलांकडे पुढच्या शुक्रवारी कागदपत्रे द्यायची आहेत. मी गुरुवारी संध्याकाळी सातनंतर प्रत्येकाच्या घरी येईन.